ज्याचं मरण, त्याला विचारलं का?

कॅन्सरच्या ओपीडीत हे रोज घडतं. पेशंट आत यायच्या आधी मुलगा, जावई किंवा धाकटा दीर दार लोटून अर्धा आत येतो, फाइल टेबलावर ठेवतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "डॉक्टर, त्यांना काही सांगू नका हं. खचतील." मग पेशंट येतात. त्यांना गाठ आहे असं सांगितलेलं असतं, नाहीतर अल्सर, नाहीतर नुसतंच इन्फेक्शन. पुण्यातल्या एक पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टर मला म्हणाल्या, "मुलगा औषधं आणायला खाली गेला की पेशंट विचारतात, डॉक्टर, किती दिवस राहिलेत? आणि वर बजावतात, मला माहीत आहे हे पोराला सांगू नका. तो खचेल."

बाई हे सांगताना हसत होत्या, पण त्या हसण्यात वैताग होता. परळला टाटा हॉस्पिटलच्या आवारात पाऊल ठेवलेल्या माणसाला आपल्याला काय झालंय हे कळलेलं असतं. विदर्भातल्या खेड्यातही 'टाटाला नेलंय' एवढं म्हटलं तरी ऐकणारा पुढचं विचारत नाही. तरीही शेवटपर्यंत हे नाटक चालतं. केमो द्यायची की थांबवायची, व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे सगळं बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये ठरतं. पेशंट आत पडून छताकडे बघत असतो.

मरणपंथाला लागलेल्या, असाध्य आजाराच्या माणसाने स्वतः मागितलं, तर मरण लवकर यावं म्हणून डॉक्टरने मदत करावी का, या प्रश्नावर लिहायचं ठरवून मी हिंडायला लागले. होकार किंवा नकार घेऊन परत यायचं अशी कल्पना होती. पण डॉक्टर असोत, नर्सेस असोत की नातेवाईक, गप्पा फिरून फिरून त्या कॉरिडॉरमध्येच येऊन थांबत होत्या. जगात जिथे जिथे ही मुभा आहे तिथे ती 'मागणाऱ्या'ला आहे. आपल्याकडे मागणारा कोण, तेच आधी सापडेना.

*

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे, कारण तिथला कायदा १९९७ पासून अमलात आहे आणि दरवर्षी सरकार त्याचा हिशेब छापतं. अट अशी की माणूस सज्ञान हवा, निर्णय घेण्याइतका शुद्धीवर हवा, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य उरलेलं नाही असं दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासून सांगितलेलं हवं. त्याने दोनदा तोंडी मागायचं, मध्ये पंधरा दिवस जाऊ द्यायचे, आणि एकदा साक्षीदारांसमोर लेखी मागायचं. मरायला अगदीच थोडे दिवस उरले असतील तर हल्ली पंधरा दिवसांची अट सोडतात. मग डॉक्टर औषध लिहून देतो. इंजेक्शन देत नाही. औषध त्या माणसानेच घ्यायचं, स्वतःच्या हाताने.

२०२३ साली तिथे ५६० जणांना असं औषध लिहून दिलं गेलं आणि त्या वर्षात ३६७ जण ते घेऊन गेले. औषध हाती आलेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश लोक ते घेतच नाहीत, हे इतक्या वर्षांत दिसलेलं आहे. ते औषध घरात, हाताशी आहे एवढ्यावर त्यांचं भागतं आणि मरण आपल्या वेळेला येतं.

त्याहून मोलाची आहे ती कारणांची यादी. आपण धरून चालतो की माणूस मरण मागतो तो असह्य वेदनेमुळे. ऑरेगनमध्ये मागणाऱ्या दहापैकी नऊ जण सांगतात ते दुसरंच: स्वतःच्या जगण्यावरचा ताबा सुटतोय, ज्यात आनंद वाटायचा ते काही करता येत नाही. वेदना किंवा वेदनेची धास्ती हे कारण तिघांपैकी एकाच्या आसपास असतं. आणि यांतले बहुतेक जण हॉस्पिसच्या देखरेखीखाली असतात, म्हणजे वेदनाशामक उपचार त्यांना मिळत असतात. 'चांगली शुश्रूषा द्या, कोणी मरण मागणारच नाही' असं आपल्याकडे सभांमधून ठासून सांगितलं जातं, ते या आकड्यांपुढे टिकत नाही. काही माणसं उत्तम शुश्रूषेतही म्हणतात, बस झालं. त्यांना उत्तर द्यावंच लागेल.

पण ऑरेगनचा सगळा कायदा ज्या एका प्रसंगावर उभा आहे तो बघा. डॉक्टर पेशंटच्या समोर बसतो आणि पेशंटलाच सांगतो, तुमच्याकडे सहा महिने आहेत. हे झालं नाही तर पुढचं काहीच घडू शकत नाही.

ब्रिटनच्या संसदेतही वाद झाला तो या चौकटीतच. खासदार किम लेडबीटर यांचं मदतीने मरण्याबाबतचं विधेयक २९ नोव्हेंबर २०२४ ला ३३० विरुद्ध २७५ मतांनी पुढे सरकलं; २० जून २०२५ ला तिसऱ्या वाचनात मतं पडली ३१४ विरुद्ध २९१. सात महिन्यांत पंचावन्नचं मताधिक्य तेविसावर आलं. मूळ मसुद्यात प्रत्येक अर्ज उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशापुढे जायचा होता. नंतर त्याऐवजी वकील, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांचं मंडळ आलं. तेवढ्यात मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनेच या रूपातल्या विधेयकाला आपला पाठिंबा नाही असं जाहीर केलं. दोन्हीकडच्या भाषणांत खासदारांनी आपापल्या आईबापांची मरणं सांगितली. तिथेही वाद कडाक्याचा आहे. पण पेशंटला आपला आजार माहीत आहे, हे तिथे दोन्ही बाजूंना गृहीत आहे.

*

आपल्याकडे या विषयाचा इतिहास मुंबईतच लिहिला गेला, आणि तो एका अशा बाईच्या नावाने जिला काही विचारणं शक्यच नव्हतं.

अरुणा शानबाग मूळच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी हॉस्पिटलच्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळली, आणि मेंदूला प्राणवायू पोहोचायचा थांबला. त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. गुन्हेगाराला शिक्षा झाली ती चोरी आणि जीवघेण्या हल्ल्याची, सात वर्षांची. अरुणा त्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या वॉर्ड क्रमांक चारला लागून असलेल्या खोलीत होत्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या.

२००९ मध्ये पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या: यांना भरवणं थांबवावं, शांतपणे जाऊ द्यावं. न्यायालयाने मुंबईचे तीन डॉक्टर नेमले. टाटाचे जे. व्ही. दिवेटिया, हिंदुजाचे मेंदूविकारतज्ज्ञ रूप गुरसहानी आणि सायनचे मानसोपचारतज्ज्ञ नीलेश शहा. त्यांनी केईएममध्ये जाऊन अरुणाला तपासलं. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी विराणींची याचिका फेटाळली, पण त्याच निकालात या देशात पहिल्यांदा निष्क्रिय दयामरणाचं दार किलकिलं केलं: उपचार थांबवता येतील, मात्र दर वेळी उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल.

हा निकाल वाचताना कायद्यापेक्षा जास्त गुंतवून ठेवतात ती केईएमच्या लोकांची कागदपत्रं. इतकी वर्षं अंथरुणावर असून या बाईच्या अंगाला एक बेडसोअर नाही. मासे आणि चिकन सूप दिलं की चेहऱ्यावर हसू उमटतं असं हॉस्पिटल सांगतं. नर्सेसच्या दोन-तीन पिढ्यांनी तिला भरवलं, न्हाऊमाखू घातलं; महापालिकेने तिला दुसरीकडे हलवायचं मनात आणलं तेव्हा त्या आडव्या आल्या. न्यायालयाने ठरवलं की अरुणाच्या वतीने बोलायचा अधिकार विराणींचा नाही, तो या नर्सेसचा आहे. आणि नर्सेस म्हणाल्या, आमची अरुणा जगेल.

या निकालावर पुष्कळ टीका झाली. मला मात्र त्यात एक गोष्ट फार खरी वाटते. दोन्ही बाजूंच्या बायका अरुणावर जीव टाकत होत्या, आणि दोघींकडेही तिचं स्वतःचं एक वाक्य नव्हतं. १९७३ मध्ये पंचवीस वर्षांच्या मुलीने असं काही लिहून ठेवायचं कारणच काय होतं? मुंबईत मिनू मसानींनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली ती १९८१ मध्ये. तेव्हा अरुणा आठ वर्षं अंथरुणावर होत्या.

*

पुढे कायदा वेगाने चालला. ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की सन्मानाने मरणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, आणि माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की अमुक अवस्था आली तर मला यंत्रांवर ठेवू नका. हे लिव्हिंग विल. मात्र त्यासाठी घातलेली प्रक्रिया अशी होती की कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी आणि मंडळावरच्या डॉक्टरांना वीस वर्षांचा अनुभव हवा. पाच वर्षं हा हक्क जवळपास कोणाला वापरताच आला नाही. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने स्वतःच ती सैल केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. हॉस्पिटलचं एक मंडळ, त्यावर जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असलेलं दुसरं मंडळ. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. दंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचं.

हे सगळं उपचार थांबवण्यापुरतं, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. ऑरेगनसारखं औषध लिहून देणारा डॉक्टर इथे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली आत्महत्येला प्रवृत्त करणारा ठरेल. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. सुईने औषध देणारा तर मनुष्यवधाच्या कलमात जाईल. घटनापीठाने २०१८ मध्ये ती रेषा मुद्दाम ओढलेली आहे.

आणि जे मिळालंय त्याचं काय होतंय? लिव्हिंग विलची प्रत सांभाळायला प्रत्येक महापालिकेने, नगरपालिकेने, पंचायतीने एक अधिकारी नेमायचा असं न्यायालयाने सांगितलं होतं. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी आपलं लिव्हिंग विल तयार केलं आणि ते कोणाच्या हाती द्यायचं याचाच पत्ता नाही म्हणून उच्च न्यायालयात गेले. मग कुठे राज्यात असे अधिकारी नेमले गेले. गोव्याने थोडी घाई केली. २०२४ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल जाहीरपणे नोंदवलं आणि गोवा यात पहिलं राज्य ठरलं. न्यायमूर्तीने सही केली की कारकुनाचा हात थरथरत नाही, याचा उपयोग आहेच.

*

पण या कागदांच्या जगाबाहेर, महाराष्ट्रातल्या बहुतेक हॉस्पिटलांत, उपचार थांबवायची दुसरीच पद्धत रूढ आहे. तिचं नाव डामा. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेतल्याचा फॉर्म. नर्स फोनवर सहज बोलून जाते, "सातवाले डामा घेतायत." 'आमच्या जबाबदारीवर पेशंटला घरी नेत आहोत' एवढ्या एका ओळीखाली मुलाची सही. डॉक्टरने व्हेंटिलेटर काढला तर पोलीस केसची भीती. घरच्यांनी नेलं तर डॉक्टर मोकळा. त्यामुळे सल्ला न दिल्यासारखा सल्ला दिला जातो: "आता घरी न्या, सेवा करा." हे वाक्य महाराष्ट्रात ज्याने ऐकलं नाही असं घर विरळा.

मराठवाड्यात अॅम्ब्युलन्स चालवणाऱ्या एकाने हे जसं सांगितलं तसं लिहिते. "शहरातून पेशंट उचलला की मागे एक पोरगं श्वास द्यायची अंबू बॅग दाबत बसतं. घरी पोचेस्तोवर दाबायची. गावात शिरलं की आधीच माणसं जमलेली असतात. ओसरीवर उतरवायचं, तोंडात पाणी घालायचं, आणि मग बॅग थांबवायची. मलाच विचारतात, थांबवू का? मी काय सांगणार?" मी विचारलं, पेशंट शुद्धीवर असतो का? म्हणाला, "काही असतात. डोळे उघडे असतात."

डोळे उघडे असतात. तरी त्यांना विचारलेलं नसतं. आणि जे शुद्धीवर नसतात त्यांना आठवड्यापूर्वी, ते बोलत होते तेव्हा, विचारलेलं नसतं. उपचार थांबवण्याचा निर्णय या देशात रोज घेतला जातो, तो बहुधा आयसीयूच्या बिलाकडे बघून घेतला जातो, आणि त्यानंतर दम लागलेल्या, तडफडणाऱ्या माणसाला शांत ठेवायला घरात काहीही नसतं. याला बेकायदा म्हणता येत नाही. कायदेशीर दयामरण म्हणावं, तर त्यात दयाही नाही. आयसीयू तज्ज्ञांची संघटना २००५ पासून याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं काढत आली आहे. डामाऐवजी, हॉस्पिटलमध्येच, औषधं देऊन, घरच्यांना जवळ बसवून उपचार थांबवावेत असं तिचं सांगणं. मोठ्या शहरांतल्या काही हॉस्पिटलांत ते होतं.

मॉर्फिनची गोष्ट याहून चीड आणणारी. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरच्या पट्ट्यात सरकारच्या परवान्याने अफू पिकते, नीमचलाच तिचा सरकारी कारखाना आहे. तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने इतके परवाने लादले की डॉक्टरांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, आणि डॉक्टरांच्या एका पिढीला ते द्यायची सवयच राहिली नाही. २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारला, परवान्यांची जंत्री कमी केली. जुनी भीती मात्र फार्मसीच्या काउंटरवर अजून उभी आहे. तालुक्याच्या ठिकाणी तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट पॅरासिटामॉलवर रात्र काढतो. आपला प्रदेश तंबाखू खाणाऱ्यांचा. तोंडाच्या कॅन्सरची वेदना काय असते हे इथल्या घराघरांना माहीत आहे.

चांगलं काम नाही असं नाही. वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून चालू आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस; पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. दोन्हीकडे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. अशा ठिकाणी काम केलेल्या एका नर्सने सांगितलं की इथे आल्यावर दोन दिवसांत वेदना आटोक्यात आली की पेशंट बोलायला लागतो. आणि बायका सगळ्यात आधी काय विचारतात? "खर्च किती झाला हो?" पुरुष विचारतात घरी कधी जायचं. बायका विचारतात खर्च.

*

या एका प्रश्नामुळे माझा होकार अडखळला. उद्या ऑरेगनचा कायदा जसाच्या तसा इथे आणला, तर जन्मभर सगळ्यांच्या नंतर जेवलेली बाई कोणाच्या वतीने अर्ज करेल? स्वतःच्या, की सुनेच्या रजा संपल्या म्हणून, की नातवाच्या फीचे पैसे आपल्यावर जातायत म्हणून? ओझं होण्याची भावना ऑरेगनच्या यादीतही आहे, निम्म्याच्या आसपास लोक ती सांगतात. पण तिथे आणि इथे ओझ्याचा अर्थ एक नाही. इथे खरोखर जमीन विकावी लागते.

कॅनडाचं उदाहरण देऊन घाबरवणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांची भीती अगदीच पोकळ नाही. कॅनडाने २०१६ मध्ये मुभा दिली ती मरण समोर दिसत असलेल्यांना. २०१९ मध्ये क्वेबेकच्या न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली आणि २०२१ मध्ये कायदाच रुंदावला; मरण जवळ नसलेले, पण असह्य आजार किंवा अपंगत्व असलेले लोकही आत आले. २०२३ मध्ये तिथे या मार्गाने १५,३४३ जण गेले, त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंपैकी ४.७ टक्के. अपंगांच्या संघटना विचारतात: आम्हाला घर आणि मदतनीस मिळायला वर्षं लागतात, मरण मात्र काही महिन्यांत मिळतं, हे कसं? माझ्या मते या प्रश्नाला कॅनडाने अजून नीट उत्तर दिलेलं नाही. पण ऑरेगनने पंचवीसहून अधिक वर्षं सहा महिन्यांची अट सोडलेली नाही, हेही त्याच खंडातलं वास्तव. घसरण ठरलेलीच असते असं नाही. ती कायदा कुठे अडवतो त्यावर आहे.

आपली परंपरा काय सांगते, हेही सगळे विचारतात. पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारलं आणि १५ नोव्हेंबर १९८२ ला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. सावरकरांनी १९६६ च्या फेब्रुवारीत प्रायोपवेशन केलं, आणि त्याआधी लेख लिहून आपली भूमिका मांडली होती. १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीला सल्लेखना, म्हणजे अन्नत्यागाचं जैन व्रत, घेतली; त्यांच्या दर्शनाला लोटलेल्या गर्दीच्या आठवणी कोल्हापूर-सांगलीच्या जैन घरांतून अजून निघतात. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये सल्लेखनेला आत्महत्या ठरवलं तेव्हा जैन समाज रस्त्यावर आला आणि महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

ही उदाहरणं देऊन 'आपल्याकडे हे आधीपासून आहे' असं म्हणणं सोपं आहे. मला त्यांत दुसरंच दिसतं. या तिन्ही माणसांनी स्वतः बोलून दाखवलं आणि भोवतालच्यांनी ते ऐकलं. विनोबांना औषध घ्या म्हणून किती जणांनी विनवलं, पण त्यांच्या नाकात नळी घालायची कोणाची छाती झाली नाही. तो मान त्यांना ऋषी म्हणून मिळाला. पवनारच्याच एखाद्या शेतमजूर बाईने 'आता मला काही नको' म्हटलं असतं, तर तिला म्हातारी चळली म्हणून सलाइन लावलं असतं, किंवा पैसे संपल्यावर काढलं असतं. दोन्ही वेळा तिला न विचारता.

गिरगावातल्या एका वृद्ध, मूल नसलेल्या जोडप्याने काही वर्षांपूर्वी राष्ट्रपतींकडे सक्रिय इच्छामरण मागितलं होतं. दोघंही आजारी नव्हते. वर्तमानपत्रांनी त्यांच्याकडे कुतूहल म्हणून पाहिलं. त्यांची मागणी मान्य व्हावी असं मला वाटत नाही, धडधाकट माणसासाठी हा मार्ग नसावा. पण त्यांचं म्हणणं मला कळतं: धड असताना, तोंड चालतंय तोवर, आमचं आम्हाला ठरवू द्या; नंतर दुसरे ठरवतील.

*

तर मग माझं मत. असाध्य आजाराच्या शेवटच्या महिन्यांत, शुद्धीवर असलेल्या माणसाने वारंवार मागितलं, तर त्याला स्वतःच्या हाताने घ्यायचं औषध मिळावं; कायद्याने डॉक्टरला त्यासाठी तुरुंगात टाकू नये. सुई डॉक्टरच्या हातात देणारा कायदा मला नको. आधी देशभर पॅलिएटिव्ह केअर उभी राहू द्या, मग बघू, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ती 'मग' आपल्या हयातीत येणार नाही आणि तोवर जाणाऱ्यांना तुम्ही काय सांगणार? देशाला थांबवू नका, पण मागणाऱ्याला अडवा: त्याला मॉर्फिन खरोखर मिळालंय, पोटात गेलंय, याची नोंद नसेल तर अर्ज पुढे जाऊ नये.

आणि त्याहून आधीची एक अट. पेशंटला त्याचा आजार, नातेवाइकांना बाहेर ठेवून, त्याच्या भाषेत, एकदा नव्हे दोनदा सांगितला गेला पाहिजे, आणि त्याने काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत लिहिलं गेलं पाहिजे. काहींना ऐकायचं नसतं. तेही त्यांनीच सांगावं, मुलाने नाही. ही अट मदतीने मरण्याच्या भावी कायद्यासाठी राखून ठेवायचीही गरज नाही. आजच्या डामाच्या फॉर्मवर, पेशंट बोलू शकत असेल तर त्याच्या सहीची एक जागा छापली, तरी पुष्कळ ओसऱ्यांवरचं चित्र बदलेल.

पुण्याच्या त्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "छापाल हो. पण पेशंटशी बोलायला मुलगा आत जाऊ देईल का?"

नाशिकला एका ज्येष्ठ नागरिक संघात लिव्हिंग विलवर एका वकील बाईंचं व्याख्यान होतं. हॉल भरलेला, चहा-बिस्किटं झालेली, आणि प्रश्न मात्र सुसाट. हे केलं तर मेडिक्लेम बुडतो का? बायकोचं आणि माझं एकाच कागदावर चालेल का? नोटरीला किती द्यायचे? आधी सही केली आणि मग मन बदललं तर? वकील बाई सगळ्याला उत्तरं देत होत्या: दोन वेगळे कागद करा, मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं, साक्षीदार शक्यतो घरातला नको. पुढच्या रांगेतल्या दोन शेजाऱ्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की ते एकमेकांचे साक्षीदार होतील. मग त्यांतल्या एकाने हात वर केला. "यात ज्याला अधिकार द्यायचा त्याचं नाव लिहायचंय ना, तिथे मुलाचं नाव घातलं तर त्याला सांगावं लागेल का?"

"अर्थात काका. त्यांच्याशी बसून बोलायचं. तुम्हाला काय हवं, काय नको, सगळं."

काकांनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला. "मग दिवाळीनंतर बघू," ते म्हणाले. "सणाचे दिवस आहेत, पोरं यायचीयत."